घरचं रक्त

आमच्याकडे मुलीला अशक्तपणा असणं हा आजार समजत नाहीत, वळण समजतात. त्यामुळे चितेगावच्या कंपनीत ऑफिसचा जिना चढून वर गेल्यावर मी भिंतीला धरून उभी राहायला लागले, तेव्हा घरी कुणालाच त्यात विशेष वाटलं नाही. आईने खजूर आणले. नेहमीच्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता आईकडे बघून सांगितलं, "हिमोग्लोबिन कमी आहे. मुलींचं असतंच. लग्न झालं की लागेल तब्येत मार्गी." रक्त वाढवायला लग्न, हा उपचार मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. पण मी इंग्लिश मीडियमची. माझं बरंच काही वाचायचं राहून गेलंय, असं आमच्या घरात सगळेच धरून चालतात.

मग पायांवर डाग यायला लागले. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटच्या दांड्याला गुडघा नुसता टेकला तरी संध्याकाळी तिथे जांभळं नाणं उमटलेलं असायचं. पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आले, डास चावल्यासारखे, पण न खाजणारे. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. पाळी आली की थांबायचं नाव घेत नसे, आणि त्याबद्दल आई माझ्याशीसुद्धा कुजबुजत बोलायची. जणू आम्ही दोघींनी मिळून कुठेतरी चोरी केली होती.

मीही फार कुणाला काही सांगितलं नाही. शाळेत मराठी बोललं की शिक्षा आणि घरी इंग्रजी शब्द निघाला की हशा, अशा दोन्हींच्या मध्ये वाढलेल्या मुलीला गप्प राहणं सोपं वाटतं. गप्प माणसाला दिसतं मात्र फार.

शेवटी ताप आला आणि उतरेना. रक्त तपासायला दिलं, तर लॅबमधूनच फोन आला की पुन्हा नमुना द्या, मशीन चुकलं असेल. मशीन चुकलं नव्हतं. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, तिन्ही एकदम तळाला गेलेल्या. नेहमीच्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. पण बोलले तेव्हाही आईशीच.

तिथून आम्ही जालना रोडवरच्या एका हॉस्पिटलात, रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी मला पालथं झोपवून कमरेच्या हाडात जाड सुई घातली आणि आतला मगज काढून तपासला. नंतर आई, वडील, माझा धाकटा भाऊ आणि मी अशा चौघांना समोर बसवलं.

"रक्त हाडांच्या आत, मगजात तयार होतं," त्या म्हणाल्या. "हिच्या मगजात आता रक्त तयार करणाऱ्या पेशी जवळजवळ उरलेल्याच नाहीत. नुसती चरबी आहे. हा कॅन्सर नाही. पण साधा अशक्तपणाही नाही."

"कशामुळे झालं?" वडिलांनी विचारलं. माझ्या आजारपणात त्यांनी विचारलेला हा बहुधा एकमेव प्रश्न.

बाईंनी मलाच उलटे प्रश्न विचारले. कुठली औषधं घेतली होती का, रसायनांशी काम येतं का, कावीळ झाली होती का, घरात कुणाला असं काही होतं का. सगळ्याला नाही. "बऱ्याच जणांत कारण सापडत नाही," त्या म्हणाल्या. "शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच आपल्या मगजावर उलटतात. हिने काही केलं म्हणून झालेलं नाही हे."

मग पुढचं सांगितलं. सख्ख्या भावंडाचा मगज जुळला तर तो देता येतो, आणि माझ्या वयाला तोच सगळ्यात चांगला उपाय. नाही जुळला तर घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं एक इंजेक्शन असतं, ते आणि गोळ्या देऊन त्या उलटलेल्या पेशींना शांत करायचं. तोपर्यंत बाहेरून रक्त आणि प्लेटलेट्स भरत राहायचं. गर्दी नको, कच्चं खाणं नको, ताप आला की थेट हॉस्पिटल. भावाच्या दंडातून तिथेच तपासणीसाठी रक्त घेतलं. त्याने मान फिरवून डोळे मिटले होते.

उठता उठता बाईंनी बोट वर केलं. "एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हिला घरच्या कुणाचंही रक्त चढवायचं नाही. भावाचं तर अजिबात नाही. आज त्याचं रक्त हिच्या अंगात गेलं आणि हिच्या शरीराने ते परकं म्हणून लक्षात ठेवलं, तर उद्या हेच शरीर त्याचा मगजही टिकू देणार नाही. रक्त बाहेरच्यांचंच घ्यायचं, गाळून, त्यातल्या पांढऱ्या पेशी निकामी करायला किरण देऊन."

चौघांनी माना डोलावल्या. कानात शब्द फक्त माझ्या गेले.

'कारण सापडत नाही' हे वाक्य आमच्या नातेवाइकांना अपमानासारखं लागलं. आठवडाभरात प्रत्येकाने आपापलं कारण शोधून काढलं. आत्याच्या मते कंपनीतला वास. मी कंपनीत दिवसभर बसून ईमेल लिहीत होते. तिथे वास यायचा तो कॅन्टीनच्या रश्श्याचा. शेजारच्या काकूंच्या मते उशीखालचा मोबाइल. आणि माझ्या काकांना, म्हणजे वडिलांच्या भावाला, माझ्या शाळेचा जुना राग होता.

"डब्याला काय द्यायचे? बिरेड-जाम! आता हाडात काय भरणार? जामच भरणार ना."

काकांची पिशोरला अद्रकाची शेती आहे, पण ते शेतात कमी आणि शहरात एका नेत्याच्या मागे जास्त दिसतात. पांढरेशुभ्र कपडे, दोन मोबाइल, आणि कुठल्याही खात्यात 'आपला माणूस'. त्यांच्या मते माझा उपचार सोपा होता. मगज आटला तर मगज खायचा. पिशोरहून बोकडाच्या पायांचा रस्सा स्टीलच्या डब्यात यायला लागला. "नळी चोखून खा, माय. हाडाला हाड लागतंय." बाकीच्यांनी प्लेटलेट्स हा शब्द डेंग्यूच्या साथीत ऐकलेला होता, म्हणून पपईच्या पानांचा रस आला. हिरवा, कडू, कच्चा. मी तो बेसिनमध्ये ओतायचे आणि ग्लास रिकामा दिसला की आत्या म्हणायची, "बघ, चेहऱ्यावर तेज आलं."

लोक भेटायला यायचे. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं हा आजारापेक्षा मोठा गुन्हा. पाच-सहा जण गाडी करून यायचे, पलंगाला टेकून बसायचे, शिंकायचे, खोकायचे, आणि डॉक्टरांनी गर्दीला मनाई केलीय असं आईने दबकत सांगितलं तर म्हणायचे, "आम्ही काय गर्दी आहोत का?" कुणी मला 'फायटर' म्हणायचं. मी दिवसभर पडून असायचे, नाकातून रक्त आलं की बर्फ धरायचे. यात कुठली लढाई चालली होती, कोण जाणे.

मग एके दिवशी ऑफिसमधल्या एका मुलीने मला मोबाइलवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "हे तूच ना?"

टीव्ही सेंटरच्या चौकात फ्लेक्स लागला होता. मधोमध काकांचा नेता, हात जोडून. शेजारी काका. खाली ओळीने कार्यकर्ते, त्यांत गॉगल लावलेला माझा भाऊ. आणि अगदी कोपऱ्यात मी, एका चुलतबहिणीच्या लग्नातल्या फोटोतून कापून काढलेली, खांद्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी हाताची बोटं शिल्लक. 'आमच्या लेकीसाठी भव्य रक्तदान शिबिर.' फ्लेक्सवाल्याने माझे गाल गुलाबी केले होते. इतके महिने मी पांढरीफटक पडले होते, ते घरातल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आलं ते एकट्या फ्लेक्सवाल्याच्या.

मला लाज वाटली, संताप आला, आणि मी कुणालाही काही बोलले नाही. शिबिरात रक्त देणारे लोक रक्त देतात, ते रक्तपेढीत जमा होतं आणि आपल्याला वेगळ्याच कुणाची पिशवी मिळते, हे मला माहीत होतं. म्हणजे नुकसान काही नव्हतं. हा मूर्खपणा असला तरी निरुपद्रवी आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पण काकांना निरुपद्रवी राहणं जमत नाही.

त्या आठवड्यात मी रक्त भरायला हॉस्पिटलात होते. दुपारची वेळ. आई खुर्चीत, वडील खिडकीशी. सिस्टर ट्रेमध्ये पिशवी घेऊन आल्या आणि त्यांच्या मागोमाग काका आत शिरले, मागे भाऊ. काकांनी मोबाइल आडवा धरला होता.

"थांबा सिस्टर, जरा हसू द्या पोरीला. आगं बघ तरी काय आणलंय! तुझ्या भावाचं हाय हे. सख्ख्या भावाचं!"

मी भावाकडे बघितलं. त्याच्या दंडावर अजून चिकटपट्टी होती. चेहरा बक्षीस घ्यायला उभा असल्यासारखा.

"पेढीत आपला माणूस हाय," काका वडिलांना सांगत होते. "म्हणलं, हिची पिशवी हिलाच गेली पाहिजे. इकडंतिकडं नाय. ते किरणंबिरणं पण देऊन घेतलं बिनघोर. ग्रुप एकच हाय दोघांचा. उगं कुणाचंबी कामून घालायचं आपल्या लेकरात?"

साधी रांगेतली माणसं असतो तर माझ्या वाट्याला कुणा परक्याची पिशवी आली असती आणि सगळं ठीक झालं असतं. ओळख लावून, विनवण्या करून, धावपळ करून काकांनी नेमकी तीच एक पिशवी पैदा केली होती जी मला चालणार नव्हती.

सिस्टरने पिशवी स्टँडला अडकवली.

"हे नको," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कसाबसा ऐकू आला. काका फोटोचा कोन बघत होते. "आई, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, भावाचं नको."

आई माझ्याकडे, मग काकांकडे बघून म्हणाली, "एवढं प्रेमानं आणलंय गं."

वडील खिडकीतून जालना रोड बघत राहिले. तिथे बघण्यासारखं काही नाही. मी त्या खिडकीतून पुष्कळ बघितलंय.

सिस्टर नळी जोडायला वाकल्या. आणि मी घाबरले की माझ्या तोंडून जे निघतं, ते निघालं. "स्टॉप. आय डू नॉट कन्सेंट. प्लीज कॉल द डॉक्टर."

सिस्टर जागच्या जागी थांबल्या. काकांचा मोबाइल खाली आला. आई उभी राहिली. मराठीत मी दोनदा सांगितलं होतं. ते कुणाला ऐकू आलं नव्हतं. इंग्रजीतलं न समजताही सगळ्यांना समजलं. ज्या शाळेने माझ्या मनात बोलायची भीती बसवली तिचा हा एवढाच उपयोग झाला, आणि या शहरात कुणाचं ऐकतात तेही त्या दिवशी एकदाचं कळलं.

"हे भावाचं आहे?" सिस्टरने पिशवीवरचं लेबल पाहिलं. "यांना घरचं रक्त द्यायचं नाही, असं फाइलवर लाल अक्षरात आहे. मला तर पेढीतून कुणी बोललं नाही." त्यांनी पिशवी काढून परत ट्रेमध्ये ठेवली.

"वा!" काका म्हणाले. "घोड्याचं चालतंय, भावाचं नाय चालत! असली कसली डॉक्टरकी? आणि आतापावेतो घातलं ते कुणाचं व्हतं? कुठल्या वस्तीतलं, कुठल्या घरचं, काय ठावं हाय का?"

"काका, पिशवीवर ग्रुप लिहितात," सिस्टर म्हणाल्या, "आडनाव नाही लिहीत."

काकांनी सिस्टरचं आडनाव शोधत त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघितलं. त्या पाठ फिरवून निघूनही गेल्या होत्या.

भाऊ दारातच उभा होता. "माझं रक्त काय डुप्लिकेट आहे का?" एवढंच म्हणाला आणि गेला. मग पुष्कळ दिवस तो माझ्या खोलीत आला नाही. गावात बातमी पोचली ती अशी: भाऊ रक्त द्यायला गेला आणि बहिणीने लाथाडलं. शिकली ना जास्त.

पुढे तपासणीचा निकाल आला. भावाचा मगज माझ्याशी पूर्ण जुळत होता.

आता घरात आनंद व्हायला हवा होता. झालं असं, की भेटायला येणारे अचानक कमी झाले आणि रश्श्याचा डबा बंद झाला. रक्ताला जे लोक चौकात मांडव टाकून उभे होते, ते मगजाच्या नावाने आवाज खाली आणून बोलायला लागले. ना त्याचं शिबिर भरतं, ना फ्लेक्स लागतो. बैठकीच्या खोलीत बोलणं चाललेलं मला पलंगावर ऐकू यायचं. आमच्या भिंतींना गुप्तता माहीत नाही.

"मणक्यातनं काढतेत म्हणं," काकांचा आवाज. "पोरगं अधू झालं तर? त्याचं लग्न व्हायचंय. उद्या कोण पोरगी देईल?"

"मणक्यातून नाही, कमरेच्या हाडातून," वडील पुटपुटले. "डॉक्टर म्हणतात, भूल देतात, थोडे दिवस दुखतं, मग आपोआप भरून येतं."

"डॉक्टर म्हणत्यालच! त्यांचं काय जातंय? ती घोड्याची सुई हाय की. ती घ्या ना आधी."

परवापर्यंत घोड्याला नावं ठेवणारे काका आता घोड्याच्या बाजूने झाले होते.

त्या संध्याकाळी आई माझ्याजवळ बसली. केसांवरून हात फिरवला. मला वाटलं, आता ती काहीतरी माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "तू समजून घे बाई. तो एकटाच आहे गं आम्हाला."

तिला आपण काय बोललो ते कळलेलं नव्हतं. कळलं असतं तर मी तिचा राग धरू शकले असते. न कळता बोललेल्या माणसाचा रागही धड धरता येत नाही. मी कूस बदलली. हिरडीतून रक्त येत होतं, ते गिळून टाकलं.

डॉक्टरबाईंचं म्हणणं होतं, उशीर करू नका. जितक्या जास्त पिशव्या भरल्या जातील, जितक्या वेळा ताप येईल, तितका पुढचा मार्ग अवघड. मला भावाला विचारायला हवं होतं. मी आयुष्यात कुणाला काही मागितलेलं नाही. शाळेत खोडरबरसुद्धा नाही. आणि ज्याचं रक्त सगळ्यांसमोर परत पाठवलं, त्याला जाऊन मगज माग, हे म्हणजे फारच झालं. मोबाइलवर त्याच्यासाठी मजकूर लिहायचे आणि पुसायचे. इंग्रजीत लिहिला की नोटिशीसारखा वाटायचा, मराठीत लिहिला की भीक मागितल्यासारखा.

शेवटी तोच आला. एका सकाळी, सगळे बाहेर असताना. दारातूनच म्हणाला, "मास्क घातलाय मी." आणि खुर्ची लांब ओढून बसला.

"व्हिडिओ बघितला एक," तो म्हणाला. "अर्ध्यातच बंद केला. एवढी सुई असते, भाई."

"भूल देतात."

"भूल उतरल्यावर?"

"दुखतं. कंबर. बसताना, उठताना. मग थांबतं." मी खोटं काही सांगितलं नाही. "आणि त्या दिवशीची पिशवी मी परत पाठवली ती यासाठी. ती माझ्यात गेली असती तर तुझा मगज कदाचित टिकलाच नसता."

तो म्हणाला, "हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. डॉक्टरांनी. तू समोर बसला होतास."

"माझं सगळं लक्ष तेव्हा त्या सुईत अडकलं होतं, ताई. मला सुईची भीती वाटते. शिबिरातल्या फोटोत बघ, गॉगल का घातलाय मी. डोळे मिटलेत आत."

मला हसू आलं. आजारपणात पहिल्यांदाच. हसल्यावर ओठ फाटला आणि रक्त आलं, तर तोच घाबरून उठला आणि कापूस आणून लांबून माझ्याकडे फेकला.

"देतो मी," तो म्हणाला. "पण काकाला सांगायचं नाही. आला की फोटो काढत बसतो तो."

मगज चढवायची सोय पुण्याला होती, तिथे आम्ही गेलो. काकांना सांगितलं की मला तपासणीला न्यायचंय आणि भाऊ नोकरीच्या मुलाखतीला चाललाय, आणि काकांनी ताबडतोब 'तिथं आपला माणूस हाय' म्हणून एक नंबर दिला. आई आमच्याबरोबर आली. वाटेत एकदाही बोलली नाही, पण आली. मला काचेच्या खोलीत ठेवलं. औषधांनी उरलासुरला मगज पुसून काढला, केस गेले, तोंडात फोड आले, पाणीसुद्धा काट्यांसारखं लागायचं. तिथे कुणाला भेटायला येऊ देत नाहीत. त्या एका नियमासाठी मी त्या दिवसांबद्दल फारसं वाईट बोलणार नाही.

भावाचा मगज आला तो पिशवीतच. दाट, काळपट लाल. स्टँडला अडकवला आणि थेंब थेंब उतरायला लागला. कुणी हसायला सांगितलं नाही. तो वरच्या मजल्यावर पालथा पडलेला होता आणि मोबाइलवर लिहीत होता, "लागलं का चढायला? मला तर बैलानं तुडवल्यासारखं वाटतंय."

धरेल की नाही याची वाट बघण्यात जे दिवस गेले त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मग एका सकाळी पांढऱ्या पेशी थोड्या वर आल्या. मग आणखी थोड्या. आता माझ्या अंगात जे रक्त तयार होतं ते त्याच्याच पेशींचं. गोळ्या चालू आहेत, तपासण्या चालू आहेत, धोका सरला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. दात घासल्यावर बेसिन पांढरं राहतं, हे मी रोज बघते.

घरी आल्यावर काका आले. हातात स्टीलचा डबा, मास्क हनुवटीवर. भावाची हकिकत त्यांना तोपर्यंत कळली होती, आणि न सांगितल्याचा राग गिळून त्यांनी ती आपलीच केली होती.

"बघ! शेवटी कामाला कुणाचं आलं? घरचंच रक्त ना! मी पहिल्या दिवसापासून म्हणत व्हतो." ते खोलीत शिरून पलंगाकडे यायला लागले. दुसरा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला.

आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, मी पुन्हा इंग्रजीत बोलेन अशी तिला भीती होती.

"काका," मी म्हणाले, "मास्क नाकावर घ्या. आणि दाराबाहेर उभं राहा."

आवाज फार मोठा नव्हता. पण त्यांना ऐकू आला. ते क्षणभर वडिलांकडे बघत राहिले, आणि वडिलांना बघायला या वेळी खिडकी नव्हती. मग काका मागे सरकले, उंबऱ्यापाशी डबा ठेवला आणि गेले.

रस्सा भावाने खाल्ला. दोन वेळा, नळ्या चोखून.